माळ्यावरच्या यंत्राची शर्यत

२०२५ च्या दिवाळीपूर्वीची आवराआवर चालू होती. माळ्यावरून एकेक वस्तू खाली येत होती आणि भंगारवाला तराजू घेऊन दारात उभा होता. जुना मिक्सर गेला, मोडका टेबलफॅन गेला आणि २००८ साली मोठ्या कौतुकाने जोडून घेतलेल्या संगणकाची पाळी आली. तेवढ्यात तंत्रनिकेतनात शिकणारा माझ्या पुतण्याचा मुलगा मध्ये पडला.

"आजोबा, हा डब्बा भंगारात नका देऊ. मले द्या."

"काय करशील त्याचं? त्याच्यात आता काही चालत नाही."

"आम्ही चौघं मिळून त्याला पळवणार. शर्यत लागली आहे."

'शर्यत' हा शब्द ऐकताच त्याच्या वडिलांच्या कपाळाला आठी पडली. त्यांची शंका अगदीच अस्थानी नव्हती. मोबाइलवरच्या रमीने आणि पैसे लावून खेळायच्या खेळांनी आपल्याकडची किती घरे पोळली आहेत, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्‌स हा प्रकार त्यांच्यापासून वेगळा काढला. पण या मुलाची शर्यत या दोन्ही खात्यांत बसणारी नव्हती. तिच्यात पैसा लावायचा नव्हता आणि पडद्यावर कोणाला गोळ्याही घालायच्या नव्हत्या. वसतिगृहातल्या दोन खोल्यांत ती लागली होती. प्रत्येक खोलीचा चौघांचा संघ, प्रत्येकाकडे टाकाऊ ठरलेला एकेक संगणक, आणि कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा तो किती जास्त वेगाने, न अडखळता चालतो याची मोजदाद. या उद्योगाला जगभर ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्याच्या रीतसर स्पर्धा होतात आणि त्यांत नवशिक्यांसाठी वेगळी फळी असते. हा निव्वळ पोरखेळ आहे की त्यात आपण घ्यावे असे काही आहे, हे पाहण्यासाठी आधी त्याचे यंत्रशास्त्र थोडे समजून घ्यावे लागेल.

संगणकाच्या पोटात एक ठोके देणारे घड्याळ असते आणि त्याच्या तालावर प्रोसेसर काम करतो. एक गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. माझ्या माळ्यावरच्या संगणकाचा मूळ ताल सेकंदाला सुमारे २६६ दशलक्ष ठोक्यांचा. प्रोसेसर त्याची साडेदहा पट करतो, म्हणजे २८०० दशलक्ष, अर्थात २.८ गिगाहर्ट्‌झ. हा मूळ ताल २६६ वरून ३०० वर नेला, तर तोच प्रोसेसर त्याच साडेदहा पटीने ३.१५ गिगाहर्ट्‌झवर पळू लागतो. नवा भाग विकत आणावा लागत नाही. यंत्र सुरू होताना जी मांडणी दिसते, तिच्यात एक आकडा बदलावा लागतो.

मग कारखान्यानेच तो आकडा जास्त का ठेवला नाही? कारण कारखान्याला हमी द्यायची असते. एकाच चकतीतून शेकडो प्रोसेसर कापले जातात. त्यांतले काही दणकट निघतात, काही नाजूक. तपासून त्यांवर वेगवेगळ्या वेगांची नावे घातली जातात आणि धुळीच्या, उकाड्याच्या, पंखा अर्धवट बंद पडलेल्या घरातही यंत्र चालावे म्हणून थोडी शिल्लक राखली जाते. कधी कधी ही शिल्लक फारच मोठी असते. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा मूळ ताल ६६ वरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्‌झचा हा प्रोसेसर ४५० वर चालत असे आणि कितीतरी महागड्या भावंडाच्या तोडीचे काम करत असे. हा छंद जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला, त्यात या स्वस्त प्रोसेसरचा वाटा मोठा आहे. त्याच दशकात काही लबाड व्यापारी कमी वेगाच्या प्रोसेसरवर जास्त वेगाचा छाप मारून ते विकत असत. क्रिया तीच, पण एकीकडे मालक स्वतःच्या वस्तूची ताकद अजमावत होता आणि दुसरीकडे गिऱ्हाइकाची फसवणूक होत होती. पुढे बहुतेक प्रोसेसरांचा गुणक कारखान्यातच कुलूपबंद होऊन येऊ लागला, त्यामागे ही लबाडी हेही एक कारण होते.

वेग वाढवण्याची किंमत उष्णतेच्या रूपात मोजावी लागते. वेग वाढला की उष्णता त्या प्रमाणात वाढते. पण यंत्र अडखळू नये म्हणून विजेचा दाब वाढवला, की उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब वीस टक्के वाढवला तर उष्णता चव्वेचाळीस टक्के वाढली. वेगही वीस टक्के वाढवला असेल तर एकूण वाढ जवळजवळ त्र्याहत्तर टक्के. शेतातल्या मोटारीची वाइंडिंग कमी दाबाने जळते हे आपल्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक आहे; इथे जास्त दाबाने यंत्राचे आयुष्य झिजते, एवढाच फरक. म्हणून या स्पर्धांचा निम्मा इतिहास थंडाव्याचा इतिहास आहे. २०११ साली एएमडीच्या एका प्रोसेसरने द्रवरूप हेलियमच्या थंडाव्याखाली ८.४ गिगाहर्ट्‌झचा विक्रम केला. २०२२ च्या अखेरीस इंटेलच्या प्रोसेसरने ९ चा आकडा ओलांडला, तोही हेलियमच्याच जोरावर. त्याखालोखाल वापरला जातो तो उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन. हे ऐकायला परग्रहावरचे वाटते. पण गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्य गावोगाव जे भांडे घेऊन फिरतात, त्यात हाच नायट्रोजन असतो. वासरे जन्माला घालणारा तो थंडावा आपण रोज पाहतो आणि त्याच थंडाव्याचा विक्रम ऐकला की तोंडात बोट घालतो!

यंत्राविषयीचा हा आ वासलेला आदर, किंवा सरळ म्हणायचे तर धाक, मी जवळून पाहिला आहे. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला आणि पुढच्या काही वर्षांत आमच्यासारख्यांच्या शाखांत यंत्रे येऊ लागली. संगणकाची खोली वातानुकूलित. दाराबाहेर चपला काढून आत जायचे, देवळात जावे तसे. पुढे आलेल्या एका संगणकावर 'टर्बो' नावाचे बटण होते. ते दाबले की यंत्र जोरात पळते आणि मग दमते, अशी आम्हा सर्वांची समजूत. म्हणून साहेबांच्या परवानगीवाचून ते कोणी दाबायचे नाही, असा दंडक पडला. निवृत्तीनंतर कधीतरी कळले, की ते बटण जोर चढवण्यासाठी नव्हतेच. दाबलेल्या स्थितीत यंत्र आपल्या नेहमीच्या पूर्ण चालीने चाले. जुन्या यंत्रांसाठी लिहिलेले प्रोग्रॅम नीट चालावेत म्हणून बटण सोडून ते हळू करण्याची ती सोय होती. म्हणजे दमू नये म्हणून आम्ही त्या यंत्राला कित्येक वर्षे मुद्दाम मंद चालवले आणि खातेदारांना तेवढा वेळ खिडकीपुढे उभे केले!

आमचा धाक एक वेळ समजण्यासारखा होता. पण तो पुढच्या पिढीतही उतरला आहे. २००१ पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला, तालुक्या-तालुक्याला त्याची केंद्रे निघाली आणि लाखो मुलामुलींनी संगणक वापरायला शिकून घेतले. हे मोठेच काम झाले. तथापि वापरणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. पत्र टाइप करता येते, रकाने जुळवता येतात. पण झाकण उघडून पंख्यावरची धूळ पुसायची म्हटले की हात आखडतो. जिल्ह्यात अभियांत्रिकीच्या शिक्षणाची सोय नवी नाही. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे, खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तरीही घरच्या यंत्राचा वेग मंदावला की त्याच घरातला अभियंता "नवा घ्या" असेच सांगतो.

या धाकाची किंमत रोख मोजावी लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. पुढची आवृत्ती चालवण्यासाठी ज्या अटी आहेत, त्यांत धडधाकट असलेले असंख्य जुने संगणक बसत नाहीत. दुसरीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड केंद्रे उभी राहू लागल्याने २०२५ च्या अखेरीस स्मृतीच्या पट्ट्यांचे, म्हणजे रॅमचे, भाव भडकले. डिसेंबरात मायक्रॉन या बड्या कंपनीने घरगुती गिऱ्हाइकांसाठी चालवलेला 'क्रुशियल' हा आपला छाप बंद करत असल्याचे जाहीर केले. जुने टाका म्हणणारा दबाव आणि नवे परवडू न देणारा भाव एकाच वेळी आले. अशा वेळी हातातल्या यंत्राची खरी ताकद किती, त्याला दुसरी एखादी मोफत प्रणाली घालून अजून किती वर्षे काढता येतील, हे मोजून सांगणारे पोर घरात असणे ही चैन राहत नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर कारण नसताना बंद पडतात, अशा तक्रारी जगभरातून आल्या. २०२४ च्या जुलैमध्ये कंपनीने मान्य केले, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त विजेचा दाब मागत होते आणि त्याने त्यांची झीज होत होती. सुधारणा दिली गेली, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवण्यात आली. म्हणजे गिऱ्हाइकाने काहीही न छेडता, कारखान्यातूनच यंत्र ताणलेले येत होते. त्या काळात ज्याला विजेचा दाब वाचता येत होता आणि उतरवता येत होता, त्याच्या हाती निदान काही उपाय होता. बाकीचे नशिबाला दोष देत बसले. ओव्हरक्लॉकिंग शिकलेल्या मुलाला उलटी विद्याही येते. वेग तोच ठेवून दाब किती कमी करता येतो, हेही तो शोधू शकतो. त्यात वीज वाचते, पंख्याची घरघर कमी होते आणि यंत्राचे आयुष्य वाढते.

पण मग स्पर्धा कशाला आणि तीही संघांची कशाला? या क्षेत्रात गुणांकन करणारी एचडब्ल्यूबॉट नावाची संस्था आहे. तिचा जन्म बेल्जियममधला. तिच्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार आवडली. तिथे प्रत्येक प्रोसेसरची क्रमवारी त्याच्याच भाऊबंदांत लागते. पंधरा वर्षांपूर्वीच्या यंत्राची गाठ पंधरा वर्षांपूर्वीच्याच यंत्राशी. आपल्या कुस्तीत वजनगट असतात तसे. म्हणून माळ्यावरचा डबाही मैदानात उतरू शकतो. ज्यांचा गुणक कुलूपबंद आहे त्यांनाही स्मृतीची मांडणी, थंडावा आणि प्रणालीतला अनावश्यक पसारा यांत करण्यासारखे पुष्कळ असते.

एकट्याच्या विक्रमात नशीब आणि पैसा यांचा हात मोठा. दणकट प्रोसेसर हाती लागणे याला या छंदातली माणसे 'सिलिकॉनची लॉटरी' म्हणतात. श्रीमंताचे पोर दहा प्रोसेसर आणून त्यांतला एक निवडील. पण चौघांची सरासरी धरायची आणि चौघांची यंत्रे वेगळी असायची, असा नियम केला की लॉटरीचे महत्त्व उतरते. मग ज्याला जमले त्याने न जमणाऱ्याजवळ जाऊन बसावे लागते, कारण त्याचा उणेपणा सगळ्यांच्या नावावर पडतो. आमच्या वेळी संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय शाखेतून कोणी हलत नसे. फरक एका कॅशिअरकडे असला तरी कागद सगळे तपासत. त्या संध्याकाळींनी आम्हाला जेवढे शिकवले, तेवढे प्रशिक्षण केंद्राने शिकवले नाही.

आणि या खेळात थाप चालत नाही. चाचणी ठरलेली असते. मुलांनी निवडलेली चाचणी 'सुपर पाय' नावाची. टोकियो विद्यापीठातल्या कानडा यांच्या प्रयोगशाळेतून १९९५ च्या सुमारास बाहेर पडलेला हा प्रोग्रॅम वर्तुळाच्या 'पाय' या संख्येचे दहा लाखांवर दशांश काढतो आणि लागलेला वेळ दाखवतो. वेळ, वेग, प्रोसेसरचे नाव हे सारे एकाच पडद्यावर दिसेल असे चित्र पुरावा म्हणून द्यायचे. एखादा दशांश चुकला तर प्रोग्रॅम स्वतःच थांबतो. सारखे अंदाज ऐकणाऱ्या आपल्या समाजात, सोळा-सतरा वर्षांच्या पोराने "मला वाटते" न म्हणता "मी मोजले" म्हणायला शिकावे, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या भागात शर्यतीचे वेड नवे नाही. शंकरपटाच्या दिवशी गावे कशी ओस पडतात हे आपण पाहतो. त्या शर्यतीवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या साऱ्या वादाच्या मुळाशी एकच प्रश्न होता : दुसऱ्या जिवाला त्याच्या मर्यादेपलीकडे पळवण्याचा आपल्याला अधिकार किती? यंत्राच्या शर्यतीत हा प्रश्न येत नाही. प्रोसेसर तापला तर तो स्वतःच मंदावतो, फारच तापला तर यंत्र बंद पडते. कोणाच्या पाठीवर वळ उठत नाही. मर्यादा पाहण्याची हौस भागवायला याहून निर्दोष जागा कोणती असेल?

अर्थात हा छंद निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. बऱ्याच मोठ्या स्पर्धांमागे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या उभ्या असतात आणि त्यांना माल खपवायचा असतो. 'अमुक बोर्डाशिवाय जिंकता येत नाही' असे मुलाने घरी येऊन सांगितले, की स्पर्धा संपून खरेदी सुरू झाली असे खुशाल समजावे. द्रवरूप नायट्रोजन नवशिक्यांच्या जवळही येऊ देऊ नये; बंद खोलीत तो हवेतला प्राणवायू हटवतो आणि माणूस नकळत बेशुद्ध पडतो. विजेचा पुरवठा करणारी पेटी मुलांनी कदापि उघडू नये. वेग वाढवल्याने हमी रद्द होऊ शकते, म्हणून घरच्या कामाच्या यंत्रावर हे प्रयोग नकोत.

या मर्यादा सांभाळून आपल्या जिल्ह्यात अशी स्पर्धा भरवणे अवघड नाही. शाळा, कार्यालये, पतसंस्था यांच्याकडे जुने संगणक धूळ खात पडलेले असतात. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी असा माल नोंदणीकृत यंत्रणेकडेच जावा असे ठरवले आहे आणि त्यात वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही स्थान आहे. तेव्हा यंत्र भंगार ठरण्याआधीच, त्यातली माहिती कायमची पुसून (हे माजी बँकवाला म्हणून आवर्जून सांगतो) महाविद्यालयाला द्यावे. खर्चाला कमाल मर्यादा असावी, थंडावा फक्त पंख्याचा असावा. आणि एक नियम खास आपल्या हवेसाठी. पंखा यंत्राला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात मलकापूरला पारा चव्वेचाळीसला टेकलेला असतो, तेव्हा राजूर घाट चढून बुलडाण्याला आलेला संघ आपोआपच दोन पावले पुढे असणार. तेव्हा उष्णता मोजताना ती खोलीच्या तापमानापेक्षा किती अंश वाढली, हे धरावे. असा नियम करताना मुलांना जे भौतिकशास्त्र समजेल, ते वर्गातल्या फळ्यावरून समजणार नाही. विद्यार्थिनींचे संघ त्यात हवेतच. झाकण उघडायला मनगटाचे बळ लागत नाही.

आमच्या माळ्यावरच्या डब्याचे काय झाले, हे सांगायचे राहिले. मुलांनी आधी त्यातली धूळ काढली. मग मूळ ताल पाच-पाचने वाढवत ३२० पर्यंत नेला. 'पाय'चे दशांश काढायला आधी अठरा-एकोणीस सेकंद लागत होते, ते साडेपंधरावर आले. ३३३ वर पडदा निळा झाला आणि यंत्र बंद पडले. मी मनात म्हटले, घालवला एकदाचा! पण पोरे मुळीच घाबरली नाहीत. एकाने यंत्र पुन्हा सुरू केले आणि दुसऱ्याने दुरेघी वहीत तारीख, ताल, दाब, तापमान यांच्या रकान्यांपुढे लिहिले : "३३३ : बंद पडले." शाखेच्या रोकडवहीत आम्ही खाडाखोड न करता तूट लिहीत असू, तितक्याच सरळ अक्षरात.

शर्यत त्यांचा संघ थोडक्यात हरला, कारण चौथ्या मुलाच्या यंत्राचा पंखाच नीट फिरत नव्हता. आता येत्या रविवारी चौघे त्याच्याकडे बसणार आहेत. मला पंख्याला घालायला शिलाई यंत्राचे तेल मागितले आहे. ते मी काढून ठेवले आहे.